सातव्या खांबाची हरित तपासणी

जे मोजता येते तेच कमी करता येते, असे थोर लोक सांगत आले आहेत. जे कमी करायचे नसेल ते मोजू नये, असे त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितलेले नाही. पण थोरांची अर्धी शिकवण नेहमी अनुयायांनीच पूर्ण करायची असते. पूल निरीक्षण विभागाने ती केली.

हा विभाग दोनशे चौदा पुलांची प्रकृती पाहतो. पूल उभा आहे की नाही हे कोणालाही दिसते. तो आणखी किती दिवस उभा राहील हे सांगण्यासाठी सरकारने एक संचालक, तीन उपसंचालक, एकेचाळीस कर्मचारी, एक जीप आणि एक हातोडी पुरवली आहे. (हा क्रम मानाचा आहे. उपयोगाचा हवा असल्यास यादी शेवटून वाचावी.)

ही हातोडी ज्यांच्या हाती होती त्यांना सारे कार्यालय हातोडीमास्तर म्हणे. त्यांचे पद होते ध्वनिपरीक्षक, श्रेणी दोन. श्रेणी एकची जागा विभागाच्या स्थापनेपासून रिकामी होती आणि तिचे कामकाज समाधानकारक असल्याचा शेरा दरवर्षी पडत असे. मास्तरांचे काम सांगायला सोपे होते : पुलाखाली उतरायचे, खांबावर ठोका द्यायचा आणि ऐकायचे. धडधाकट खांब ‘ठण्ण’ म्हणतो, आतून पोखरलेला ‘भद्द’ म्हणतो. या दोहोंच्या दरम्यान आणखी सतरा आवाज आहेत, आणि एकतीस वर्षांत मास्तरांनी त्या सतराही आवाजांशी घरोबा केला होता. “अख्ख्या पुलाच्या पोटातलं ओळखता,” त्यांची बायको म्हणे, “आणि बाजारात वाजवून आणलेलं कलिंगड मात्र एकदा लाल निघेल तर शपथ.”

वरून आदेश आला तो असा : प्रत्येक कार्यालयाने आपल्या दैनंदिन कामकाजातून निघणारा कार्बन दोन वर्षांत नव्वद टक्क्यांनी कमी करावा. आदेश सकाळी आला आणि दुपारी स्वीकारला गेला. (यावरून तो मध्ये कोणी वाचला नव्हता असा तर्क करणे अनुदार ठरेल.) मास्तरांना तर तो मनापासून आवडला. जीपच्या तळाला पडलेल्या भोकातून येणारा धूर त्यांनी एकोणीस वर्षे फुकट प्यायला होता. पृथ्वीला काय वाटत असेल याची त्यांच्याइतकी अनुभवसिद्ध कल्पना विभागात दुसऱ्या कोणाला नव्हती.

उत्सर्जन मोजण्यासाठी एका सल्लागारबाईंची नेमणूक झाली. बाई हुशार होत्या. तीन महिने त्यांनी कार्यालय सूक्ष्मपणे पाहिले आणि प्रत्येक धुराला त्याचा योग्य धनी मिळवून दिला. संचालकांच्या दालनातली दोन वातानुकूलन यंत्रे मोजणीत आली नाहीत, कारण इमारत भाड्याची होती. सबब गारवा विभागाचा, परंतु उष्णता घरमालकाची. संचालकांची गाडी ठेकेदाराची असल्याने तिचा धूरही ठेकेदाराचा ठरला. जनरेटर कुंपणाबाहेर अकरा फुटांवर, शेजारच्या दूध केंद्राच्या हद्दीत हलवण्यात आला आणि तेथून तो पूर्वीइतकाच धूर, पण दुग्धव्यवसायाच्या नावे, सोडू लागला. हवामानबदलावरील परिषदांसाठी उपसंचालकांनी केलेल्या नऊ विमानप्रवासांचा प्रश्न थोडा नाजूक होता. तो धूर आकाशात निघाला होता, आणि विभागाचे अधिकारक्षेत्र सर्वांत उंच पुलाच्या कठड्याशी, म्हणजे बावन्न फुटांवर, संपते, हे बाईंनी नकाशासह दाखवून दिले.

या सर्व न्याय्य वजावटीनंतर विभागाच्या नावे दोनच गोष्टी उरल्या : चहाची शेगडी आणि जीप. शेगडी अत्यावश्यक सेवेत मोडते. तेव्हा शंभर टक्के प्रदूषण एकटी जीप करीत आहे, हे शास्त्रीय पद्धतीने सिद्ध झाले. चोर सोडून संन्याशाला फाशी, असे जीपचा ड्रायव्हर पुटपुटला. पण ड्रायव्हरांच्या पुटपुटण्यासाठी अहवालात रकाना नव्हता.

जीपला वर्षाला चारशे किलो कार्बनचा शिधा मंजूर झाला. पूर्वी ती चार हजार किलो सोडत असे. चारशे किलोंत दोनशे चौदा पूल कसे तपासायचे, असे मास्तरांनी आदबीने विचारले, तेव्हा त्यांना उत्तर मिळाले की हा प्रश्न नकारात्मक आहे.

योजनेचा शुभारंभ थाटात झाला. सहाशे रोपे ट्रकने आली, ती रुजू नयेत इतक्या सुबकपणे कुंड्यांतच ठेवण्यात आली आणि फोटोनंतर त्याच ट्रकने परत गेली. मंडपाला गारवा हवा म्हणून मोठा जनरेटर मागवला होता. पर्यावरणाच्या कार्यक्रमाचा धूर तरी प्रामाणिकपणे नोंदवला गेला पाहिजे, असा संचालकांचा आग्रह पडला. आणि विभागात उत्सर्जनाचे खाते एकट्या जीपचेच उघडे असल्याने तीनशे एक्याण्णव किलो तिच्या नावे चढले. वर्ष सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. जीपजवळ नऊ किलो उरले.

पूल मात्र तपासायचे होतेच. म्हणून हरित तपासणी अस्तित्वात आली. प्रत्येक पुलाखाली कोणी ना कोणी बसलेले असते, हे मास्तरांनीच एकदा सहज सांगितले होते. त्याचे आता धोरण झाले. पुलाखालच्या माणसाला फोन करायचा आणि छापील नमुन्यातले प्रश्न विचारायचे. प्रश्न पहिला : पूल जागेवर आहे काय? प्रश्न दुसरा : नसल्यास, केव्हापासून? प्रश्न तिसरा पुलाच्या सर्वसाधारण मनःस्थितीविषयी होता. पहिल्याच महिन्यात दोनशे चौदा पूल तपासून झाले. विभागाच्या इतिहासात असे कधी घडले नव्हते. यशाचा आलेख काढायला भिंत अपुरी पडली.

मास्तरांना हे पचेना. नमुना भरून झाला की ते हळूच एक जादा प्रश्न विचारीत. “हातात लोखंडाचं काही आहे का हो? खांबावर एक ठोका द्या, आणि फोन खांबाला टेकवा.” मग रिसीव्हर कानाशी घट्ट धरून, डोळे मिटून ते ऐकत. शेजारच्या टेबलावरचे कारकून म्हणत, मास्तरांना पुलांचे फोन येतात.

सव्वीस किलोमीटरांवर नदीचा मोठा पूल होता, बारा खांबांचा. त्याच्या सातव्या खांबाला पाठ टेकून एका पंक्चरवाल्याचे दुकान होते. दुकान म्हणजे एक घमेले पाणी, हवेचा पंप आणि खांबावर रंगवलेला बाण. हा माणूस हौशी निघाला. त्याने पान्याने बाराही खांब वाजवून दाखवले. अकरा खांब ठण्ण म्हणाले. सातवा म्हणाला, भद्द.

“परत मारा,” मास्तर म्हणाले.

भद्द.

“जरा वर मारा. छातीएवढ्या उंचीवर.”

“मास्तर, तुम्ही पूल तपासताय का मला व्यायाम देताय?” पंक्चरवाला म्हणाला, पण त्याने ठोका दिला. भद्द.

“असं कधीपासून वाजतंय?”

“वाजवलाय कुणी कधी? पण वरून बस गेली की घमेल्यातलं पाणी आता जास्त वेळ हलतं. पूर्वी चटकन शांत व्हायचं. आताशा मला पंक्चर शोधायला थांबावं लागतं.”

एकतीस वर्षांत पुलाचे इतके नेमके निदान मास्तरांनी कोणत्याही अभियंत्याच्या तोंडून ऐकले नव्हते. फोन ठेवण्याआधी त्यांनी त्याला दुकान हलवायला सांगितले. पंक्चरवाला म्हणाला, “बाण रंगवलाय हो खांबावर.”

मास्तर टिपण घेऊन संचालकांच्या दालनात गेले. तेथे घरमालकाची उष्णता बाहेर टाकून राखलेला सुखद गारवा होता. सल्लागारबाईही बसल्या होत्या.

“मास्तर, तुमच्या कानाबद्दल कुणालाच शंका नाही,” संचालक टिपण वाचून म्हणाले. “पण जीप देऊ कशी? जाऊन येऊन सतरा किलो चारशे ग्रॅम होतात. शिल्लक आहेत नऊ.”

“नऊ किलोंत जाणं होतं साहेब.”

“जाणं बसतं हो. येणं बसत नाही.”

“मी चालत येईन.”

“तुम्ही याल. जीप कशी येणार?”

मास्तर म्हणाले, “मग माझ्या सायकलने जातो.”

सल्लागारबाईंनी सहानुभूतीने मान हलवली. सायकलला लॉगबुक नसल्याने तो प्रवास अधिकृत धरता येत नव्हता. शिवाय चढावर सायकलस्वाराचा श्वासोच्छ्वास तिपटीने वाढतो आणि तो कोणाच्या नावे टाकावा याबाबत मार्गदर्शन मागवावे लागले असते. “आणि समजा तुम्ही गेलात,” त्या म्हणाल्या, “खांब खराब आहे असं ठरलं. पुढे काय?”

“दुरुस्ती.”

“चाळीस टन सिमेंट. म्हणजे अंदाजे चौतीस टन कार्बन. विभागाचं पुढच्या पंच्याऐंशी वर्षांचं उद्दिष्ट एका खांबात संपेल.”

“आणि दुरुस्ती नाही केली तर?”

“शून्य.”

मास्तरांनी विचारले, “पडला तर, बाई?”

“पडणं ही गुरुत्वाकर्षणाची क्रिया आहे,” बाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या. “तिला इंधन लागत नाही.”

यात गणिताची कोठेही चूक नव्हती. मास्तरांनी ती बाहेर येऊन कॉरिडॉरमध्ये दोनदा शोधली. त्याच दुपारी त्यांनी एका दिवसाच्या किरकोळ रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात ‘प्रकृती’ असे घातले आणि कोणाची ते घातले नाही.

“सव्वीस किलोमीटर, या गुडघ्यांनी?” बायकोने डबा बांधता बांधता विचारले.

“उताराचा रस्ता आहे.”

“जाताना. येताना काय नदी उलटी वाहणार आहे?” डबा सायकलला अडकवून ती म्हणाली, “एक विचारू? तुमच्या साहेबाला काही नाही, त्या बाईला काही नाही. तुम्हालाच का एवढं?”

“त्यांनी आवाज ऐकला नाही ना,” मास्तर म्हणाले. “मी ऐकलाय. आता नाही ऐकला असं कसं करू?”

सकाळी दहाच्या सुमारास ते पुलाखाली उतरले तेव्हा पंक्चरवाला सातव्या खांबाला टेकून एका टायरशी झगडत होता. “या, डॉक्टर आले,” तो म्हणाला आणि बसायला उलटा डबा दिला. मास्तर बसले नाहीत. त्यांनी पिशवीतून हातोडी काढली, खांबाला एक फेरी घातली आणि ठोके द्यायला सुरुवात केली. गुडघ्यापासून छातीपर्यंत खांब एकच शब्द बोलत होता. छातीच्या उंचीवर तर हातोडीसरशी हाताच्या पंजाएवढे काँक्रीट गळून पडले आणि आतून गंजलेली सळई दिसली. ती मास्तरांनी चिमटीत धरली, तिचा भुगा झाला. वरून बस गेली. घमेल्यातले पाणी हलले ते मास्तरांनी मनातल्या मनात मोजले. अठरापर्यंत मोजून झाले तरी ते हलतच होते.

“काय म्हणतोय?” पंक्चरवाल्याने विचारले.

“दुकान उचला,” मास्तर म्हणाले.

त्यांच्या आवाजात काहीतरी असावे, कारण या वेळी त्याने बाणाचा विषय काढला नाही. त्याने एकदा खांबाकडे पाहिले, एकदा त्या भुग्याकडे, आणि घमेले ओतून दिले.

विभागाच्या जुन्या नियमावलीत चौदावे कलम आहे. त्यानुसार प्रत्यक्ष स्थळी असलेल्या ध्वनिपरीक्षकाला धोका दिसल्यास तो पूल अठ्ठेचाळीस तासांसाठी बंद करू शकतो. रजेवरचा ध्वनिपरीक्षक स्थळी असतो की रजेवर, याबाबत कलम मौन पाळते. मास्तरांनी त्या मौनाचा लाभ घेतला. दोघांनी मिळून पुलाच्या दोन्ही टोकांना रिकामी पिंपे आडवी लावली, दोर बांधला आणि पंक्चरवाल्याच्या उरलेल्या रंगाने पत्र्यांवर लिहिले : पूल धोक्यात. रस्ता बंद.

पुढची तीन तास वीस मिनिटे लोकशाहीच्या अभ्यासकांनी पाहायला हवी होती. सरकार वेळेवर काही करीत नाही अशी ज्यांची तक्रार असते, ते सर्व नागरिक एकेक करून तेथे जमले. दुसऱ्या पुलाने वळसा एकोणीस किलोमीटरांचा होता.

“कुणी सांगितलं धोका आहे?” चष्मा लावलेल्या एका गृहस्थांनी विचारले. ते शिक्षक होते.

“खांबाने,” मास्तर म्हणाले.

“लेखी आहे?”

“खाली उतरून स्वतः ऐका. दोन मिनिटं लागतील.”

“दोन मिनिटं असती तर थांबलो असतो का इथे?” असे म्हणून शिक्षकांनी एक पिंप बाजूला सरकवले, जेमतेम स्कूटर जाईल इतके. “मी हळूच जातो. माझ्या एकट्याने काय होतंय?”

तर्क बिनतोड होता. एका स्कूटरने पूल पडत नाही. तिच्या मागची दुसरी स्कूटरही एकटीच होती. मग एका गाडीवाल्याने, तोही एकटाच, पिंप आणखी हातभर लोटले. त्याच्या मागच्या काचेवर ‘वसुंधरा वाचवा’ असे चिकटवलेले होते. टेम्पोवाला दोर सोडून नीट गुंडाळून कठड्यावर ठेवून गेला. माणूस व्यवस्थित होता. मास्तर दोन्ही हात पसरून आडवे उभे राहिले, तेव्हा एका बाईंनी गाडीची काच खाली करून, “आजोबा, उन्हात उभे राहू नका,” असे खरोखर काळजीने सांगितले आणि त्यांना वळसा घालून त्या गेल्या. पाऊण वाजता शेवटचे पिंप लवंडून नदीकडे घरंगळले. दीड वाजता बस गेली. मास्तर कठड्याशी बसून मोजत राहिले, कारण मोजणे हाच त्यांचा धर्म होता. चारशे बारा वाहने गेली. प्रत्येक एकटे होते.

आठवड्याने मास्तरांना ज्ञापन मिळाले. आरोप तीन होते. एक : रजेच्या काळात खांबाशी अनधिकृत संपर्क. दोन : सरकारी हातोडीचा खासगी प्रामाणिकपणासाठी वापर. (मूळ शब्द ‘खासगी प्रयोजन’ असा आहे, तात्पर्य तेच.) तिसरा आरोप सर्वांत गंभीर होता. त्यांनी रस्ता अडवल्यामुळे तीन तास वीस मिनिटे वाहने इंजिने चालू ठेवून उभी राहिली, त्यातून दोनशे सहा किलो कार्बन निघाला आणि अडवणूक विभागाच्या कर्मचाऱ्याने केल्यामुळे तो विभागाच्या नावे पडला. दुधाच्या नावे, घरमालकाच्या नावे, आकाशाच्या नावे काहीही टाकता येत होते. हा एकच धूर असा निघाला की त्याला साक्षीदार चारशे बारा होते.

हातोडी भांडारात जमा झाली. भांडारपालाने तिची पावती दिली : ‘हातोडी, नग एक, उत्सर्जन निरंक.’ मास्तर आता आवक टपालावर शिक्के मारतात. ठोका स्वच्छ पडतो, असे टपालाचे लोक म्हणतात. वर्षअखेरीस विभागाला हरित कार्यालयाचे प्रथम पारितोषिक मिळाले. जीप दर्शनी भागात उभी करून तिच्या टपावर वेल सोडला आहे. सातव्या खांबाविषयी मास्तरांनी दिलेला अहवाल ‘नोंद घेतली’ असा शेरा मारून बंद करण्यात आला. एकंदरीत सुंठीवाचून खोकला गेला.

त्या अहवालावर कारवाई मुळीच झाली नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. ज्याला तो वाचायला दिला नव्हता अशा एकाने कारवाई केली. पंक्चरवाल्याने दुकान नदीपासून दोनशे पावलांवर नेले. त्याचा धंदा निम्म्यावर आला आहे. दर सोमवारी तो मास्तरांना फोन करतो. “अजून आहे,” एवढेच म्हणतो. मास्तरही “बरं” एवढेच म्हणतात, आणि कारकुनांना कळते की मास्तरांना पुलाचा फोन आला होता.

विभाग पुलाला विसरलेला नाही. दोन्ही टोकांना आता सुबक हिरवे फलक आहेत : ‘पुलावर वाहन उभे करून इंजिन चालू ठेवू नये. पर्यावरण रक्षणास सहकार्य करावे.’ फलक वाचण्यासाठीही थांबू नये अशी अपेक्षा आहे.

हा पूल कोणता, असे आपण विचाराल. विभागाच्या नोंदीत दोनशे चौदाही पुलांपुढे ‘समाधानकारक’ असेच लिहिले आहे, त्यामुळे कागदावरून सांगणे कठीण. पण खूण आहे. पुढच्या वेळी नदी ओलांडण्यापूर्वी दोन मिनिटे काढून खाली उतरावे आणि खांब मोजावेत. एका खांबावर पंक्चरच्या दुकानाचा रंगवलेला बाण दिसेल, आणि बाणाखाली दुकान नसेल. तेवढा वेळ नसल्यास हरकत नाही. आपण सावकाश जावे. आपल्या एकट्याने काय होतंय?